चिखलाच्या खडकावर हिऱ्याचे टोक

अणुभट्ट्यांतला घातक कचरा पुरण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये २०२२ साली झुरिकच्या उत्तरेकडील एक जागा सुचवली गेली. तिथे जमिनीखाली ‘ओपॅलिनस क्ले’ नावाचा शेल आहे. सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला, दबून खडक झालेला हा चिखल. त्याने हा कचरा दहा लाख वर्षे अडवून धरावा, अशी अपेक्षा आहे. मग तो किती दाब सोसेल, हे आधी कळायला नको?

खडकाचा दंडगोल कापून यंत्रात दाबायचा, ही मोजणीची रूढ रीत. पण शेल पापुद्र्यांचा. कापतानाच सुटतो, पाणी लागले की फुगतो. म्हणून त्याचा छोटा तुकडा घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर हिऱ्याचे तीन पैलूंचे टोक दाबतात. टोक आत जाते जेमतेम काहीशे नॅनोमीटर. केसाची जाडी याच्या शेकडो पट असते. दाब काढताना खडक टोकाला किती मागे सारतो, त्यावरून ताठरता कळते. हे गणित ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मध्ये मांडले, तेही खडकांसाठी नव्हे!

एका टोचणीला मात्र अर्थ नाही. टोक क्वार्ट्झच्या कणावर पडले तर ताठरता सुमारे १०० गिगापास्कल भरते, शेजारच्या मातीवर पडले तर कितीतरी कमी. म्हणून जाळीसारख्या ओळींत शेकडो टोचण्या देतात. अशा मोजणीतून उल्म आणि अबुस्लेमन यांनी २००६ मध्ये दाखवले, की मातीचे कण किती दाटीने बसले आहेत, यावर शेलचे वागणे मुख्यतः ठरते.

खटकते ते नमुन्याचे कोरडेपण. जमिनीखालचा शेल ओला असतो, टेबलावरचा सुकलेला. आणि सुकलेली माती कडक होते. यंत्र चोख असले तरी आकडा फसवा निघू शकतो. त्यामुळे नमुन्याभोवतीची आर्द्रता सांभाळावी लागते. शिवाय मोठ्या भेगा या टोकाला दिसतच नाहीत. त्या पाहायला याच खडकात, माँ तेरी येथे, डोंगराच्या पोटात १९९६ पासून प्रयोगशाळा चालू आहे. बोगदा खणताना पडलेल्या भेगांत पाणी मुरले की तीच माती फुगते आणि भेगा हळूहळू मिटत जातात, हे तिथे दिसून आले आहे.