खडकाचा रंग, पिकाचा रंग

दख्खनच्या पठारावर विहीर खणताना मांजऱ्या खडक लागला की त्याच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी व क्वचित पोपटी स्फटिक निघतात. हिरवा रंग म्हणजे तांबे, असा समज करून घेऊन त्यापायी पैसा खर्चू नये. पुणे जिल्ह्यातील हिरव्या अपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अल्पांशाने आलेला आहे. एरवी हे खनिज पाण्यासारखे रंगहीन असते. धार लावण्याचा कुरुंद आणि माणिक ही एकाच जातीची खनिजे होत. त्यात क्रोमियमचा थोडासा अंश मिसळला की माणिक बनते. लोह व टायटॅनियम यांचा लेश मिळाला की नीलम. हे धातू प्रकाशातील काही रंग शोषून घेतात व उरलेला रंग डोळ्यांस दिसतो. रंग गडद आहे म्हणून धातूही विपुल असेल, हे अनुमान म्हणूनच फसवे होय.

लोहाची तऱ्हा याहून निराळी. एका अवस्थेत ते हिरवट छटा देते. हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की तांबडी. जांभ्याचा तांबडेपणा हा या गंजाचाच.

शेतकऱ्यास याचे महत्त्व आहे, कारण गंजलेले लोह मुळांस सहजासहजी घेता येत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ऊस व भुईमूग यांवर केवडा पडतो, तो यामुळेच. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर ती बहुधा नत्राची उणीव असते. तेथे लोह देऊन उपयोग नाही. कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास सल्ला देण्यापूर्वी हा फरक शेतात उभे राहून पाहावा.

केवड्यावर १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावा. नवी पालवी पुन्हा पिवळी दिसल्यास फवारणी पुन्हा करावी. द्रावण त्याच दिवशी संपवावे, शिळे ठेवू नये. हिराकस विकत घेताना पोते उघडून पाहावे. ताजा हिराकस फिकट हिरवा असतो. तो तपकिरी झाला असल्यास त्यातील लोह गंजू लागले आहे असे समजावे व असा माल परत करावा.