परतीची वाट नसलेले बिबटे

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस थोडे चालून गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरांच्या या अरण्यास एका अंगाने बोरिवली, तर दुसऱ्या अंगाने मुलुंड व ठाणे यांच्या दाट वस्तीने वेढले आहे. २०१५ साली झालेल्या पाहणीत येथे ३५ बिबटे आढळले. हे बिबटे माणसांना नेहमी पाहत असतात. माणसांना मात्र ते क्वचितच दिसतात. याच उद्यानात काही बिबटे मजबूत जाळ्यांआड राहतात. त्यांच्यासाठी वनविभागाने निवारा केंद्र चालविले आहे.

हे प्राणिसंग्रहालय नव्हे. कोणाच्या करमणुकीसाठी येथे बिबट्या आणला जात नाही. ज्यास रानात परत सोडणे धोक्याचे आहे, त्याला येथे आसरा मिळतो.

पकडलेला बिबट्या दूरच्या रानात नेऊन सोडला म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. पूर्वी तसेच करीत असत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात बिबटे उसाच्या शेतांत राहू लागले होते. २००१ सालापासून तेथील कित्येक बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा उलटेच दिसून आले. पूर्वी त्या भागात वर्षाकाठी माणसांवर सरासरी ४ हल्ले होत. ते वाढून १७ झाले होते. याचे कारण समजून घेतले पाहिजे. प्रत्येक बिबट्याचा स्वतःचा मुलूख असतो. पाणी कोठे आहे, भक्ष्य कोठे मिळते आणि माणसे कोणत्या वेळी कोठून जातात, हे त्यास ठाऊक असते. अनोळखी रानात हे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते आणि घाबरलेला प्राणी माणसांच्या वाटेत येतो.

मूळचे ठिकाण सोडावे लागलेला बिबट्या किती दूर जाईल, याचाही नेम नसतो. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बिबट्या वर काढण्यात आला. त्याच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बांधून त्यास माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. हे आजोबा रात्री चालत, महामार्ग व रेल्वेमार्ग ओलांडत आणि वसईची खाडी पोहून महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटरांवरील बोरिवलीच्या अरण्यात येऊन पोहोचले! वाटेत त्यांनी कोणाही माणसास इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. अंगात बसविलेल्या लहानशा चिपेवरून त्यांची ओळख पटली.

ज्याच्या अंगी बळ आहे आणि मनात माणसाची भीती आहे, असा बिबट्या शक्यतो पकडलेल्या ठिकाणाजवळच लवकर सोडून देणे बरे. परंतु पाय मोडलेला, दात गमावलेला किंवा माणसांवर हल्ला केलेला बिबट्या कोठे ठेवावा? आणि आईवेगळे पिल्लू? पिल्लू सापडले तर प्रथम त्यास त्याच जागी रात्री टोपलीत ठेवतात. पुष्कळदा आई येऊन घेऊन जाते. ती न आली तर पिल्लू माणसाच्या हातचे खाऊन वाढते, आणि भीती जाते ती परत येत नाही. अमेरिकेत लांडगा व कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेली पिल्ले कित्येक लोक हौसेने पाळतात. ती मोठी होऊन कुंपणे उकरू लागली की घरात ठेवता येत नाहीत, आणि रानात जगण्याची विद्याही त्यांच्यापाशी नसते. त्यांच्यासाठीही तेथे असेच आश्रम काढावे लागले आहेत.

असे केंद्र चालविणे सोपे नाही. सेवकाने बिबट्याच्या खोलीत कधीही पाऊल टाकायचे नसते. सरकत्या दाराने प्राण्यास एका खोलीतून दुसऱ्या खोलीत घ्यावे, दार अडकले आहे याची खात्री करावी आणि मगच झाडलोट करावी, असा क्रम असतो. रोज मांस तपासून व तोलून देतात. आठवड्यातून एक दिवस उपास असतो, कारण रानातही रोज शिकार साधत नाही. उपचारांसाठी पशुवैद्यास बहुधा भुलीचे औषध भरलेली सुई दुरूनच मारावी लागते. नुसते बसून प्राणी कंटाळू नये म्हणून चढायला ओंडके आणि लपायला आडोसा ठेवावा लागतो. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कंटाळलेला बिबट्या जाळीलगत एकाच रेषेत तासन्‌तास येरझारा घालीत राहतो.

बंदिवासातील बिबट्या वीस वर्षांपर्यंतही जगतो. म्हणजे आज आणलेल्या एका पिल्लाच्या मांसाची, औषधांची व राखणीची वीस वर्षांची तरतूद करावी लागते. या खर्चास हातभार लागावा म्हणून उद्यानाने प्राणी दत्तक देण्याची योजना काढली आहे. दत्तक घेणाऱ्याने अर्थातच बिबट्या घरी न्यायचा नसतो. त्याने वर्षाचे पैसे भरायचे आणि बिबट्याने आपल्या पिंजऱ्यातच राहायचे.