वहीत न लिहिलेली नोंद

सुरतेचे नाव निघाले की मराठी घरात पहिल्याने आठवते ती १६६४ सालच्या जानेवारीतील शिवाजी महाराजांची स्वारी. वीरजी व्होरांसारख्या धनाढ्यांची कोठारे त्या वेळी रिती झाली, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. परंतु त्याच स्वारीतील एक लहानशी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मोहनदास पारेख नावाचे डच कंपनीचे एक दलाल त्यापूर्वीच वारले होते. जिवंतपणी त्यांनी पुष्कळ दानधर्म केल्याची कीर्ती होती, म्हणून त्यांच्या घराला हात लावला गेला नाही. त्या काळी हिंदुस्थानात आलेल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने ही हकीकत नमूद करून ठेवली आहे. दाता गेला, पण त्याच्या माघारी त्याचे घर राखले ते दानानेच.

ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांस आमच्या भेस्तानातील एका किराणा दुकानाची आठवण झाली.

भेस्तान हे सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर उधना आणि सचिन या स्थानकांच्या मधले. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने खानदेशातील हजारो कुटुंबे या बाजूस आणली. लिंबायत, पांडेसरा, उधना, भेस्तान येथील वस्त्यांतून आजही अहिराणी कानी पडते. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर अमळनेर तालुक्यातून आले आणि पांडेसऱ्यातील यंत्रमागावर लागले. जितके मीटर कापड, तितका पैसा. माग बंद, तर चूलही बंद. अशा घरांचा महिना कोपऱ्यावरच्या दुकानातील उधारीच्या वहीवर चालतो. आमचाही चाले. दुकानदार सौराष्ट्रातील होते. बोलणे मोजके, तराजू चोख आणि हिशेबात एक पैशाची सूट नाही.

सप्टेंबर १९९४. अनंत चतुर्दशी नुकतीच होऊन गेली होती. पुराचे पाणी ओसरून शहरात चिखल आणि घाण साचली होती, आणि एकाएकी प्लेगची वार्ता पसरली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले, माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. कारखान्याला कुलूप लागले आणि वडिलांचे पंधरा दिवसांचे पैसे त्या कुलपाआड राहिले. घरात आम्ही सहा माणसे, आणि गाडीभाड्यापुरतीही रक्कम नाही.

त्या संध्याकाळी गल्लीत ज्याचे त्याचे येणे वसूल करण्याची घाई चालली होती. गावी गेलेला माणूस परततो की नाही, कोणास ठाऊक! वडील दुकानापुढे गेले ते मान खाली घालूनच. चार महिन्यांची उधारी थकलेली होती आणि शेठ स्वतःही दुकान आवरून निघण्याच्या तयारीत होते. वडिलांनी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “भाऊ, मुलांना घेऊन अजून इथे कसे?” मग गल्ल्यातून तीनशे रुपये काढून हातावर ठेवले. पिशवीत पीठ, गूळ आणि फुटाणे भरून दिले. वही उघडली नाही. त्याच रात्री आम्ही उधन्याला भुसावळ पॅसेंजर धरली.

दिवाळीच्या सुमारास परतल्यावर वडील हिशेब करावयास गेले. जुनी उधारी शेठजींनी पै न् पै मोजून घेतली. पुढे चार-पाच महिने ती फिटत होती. परंतु तीनशे रुपये पुढे करताच त्यांनी वही वडिलांसमोर फिरवली. “यात कुठे आहे? जे लिहिले नाही, ते मागायचे कसे?”

वडील हे ऐकून सुखावले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते बेचैन झाले. कष्टकऱ्याला उधारीची लाज नसते. ती फेडता येते. न फेडता येणारे ऋण त्यांना टोचत राहिले. एका पितळी डब्यात त्यांनी तीनशे रुपये वेगळे ठेवले. दर पाडव्याला ते डबा घेऊन दुकानी जात आणि दर पाडव्याला खडीसाखरेची पुडी घेऊन पैशांसह परत येत. पुढे शेठजींनी दुकान विकले आणि ते मुलाकडे निघून गेले. डबा आमच्या फळीवरच राहिला.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदीत सुरतेचे माग पुन्हा थांबले. आमच्या शेजारच्या खोलीत ओडिशातील गंजामकडची पाच पोरे राहत. एप्रिलमध्ये एके दिवशी त्यांच्या दाराशी स्टोव्हचा आवाज आला नाही. सत्तरी ओलांडलेले वडील उठले आणि त्यांनी डबा खाली काढला. तीनशे रुपयांत पाच जणांचे काय होणार? त्यांनी पेन्शनीतील पैसे त्यात घातले आणि तांदूळ, डाळ, तेल आणविले. मे महिन्याच्या आरंभी ओडिशाकडे श्रमिक गाड्या सुटू लागल्या. पोरे निघाली तेव्हा आईने दशम्या बांधून दिल्या.

थंडीत त्यांतील एक जण परतला. खोलीवर जाण्यापूर्वी आमच्याकडे आला आणि त्याने मोजून आणलेले पैसे पुढे केले. वडिलांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, “जे लिहिले नाही, ते मागायचे कसे?”

त्या रात्री जेवताना ते आम्हांस म्हणाले, “शेठने पैसे घेतले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती.” सव्वीस वर्षे त्यांना जे टोचत होते, ते त्या दिवसापासून टोचेनासे झाले.

सगळे सुरतकर असेच वागले, असा आमचा दावा नाही. १९९४ साली आणि २०२० सालीही अडलेल्यांकडून जादा पैसे उकळणारे होतेच. परंतु त्यांची आठवण आमच्या घरात कोणी काढीत नाही. आठवण निघते ती वही न उघडणाऱ्या माणसाची.

मुलूख सोडून आलेल्या प्रत्येक मराठी घरात अशी एखादी न लिहिलेली नोंद असणारच. वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे. ती सांगणारी माणसे आहेत, तोवरच ती कळेल.