उपाशी शेवाळाचं तेल

न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल इथे ऊन कडक, सपाट जमीन मुबलक आणि जमिनीखालचं पाणी खारट, शेतीच्या कामाचं नाही. शेवाळाला मात्र ते चालतं. म्हणून अमेरिकी ऊर्जा खात्याने १९७८मध्ये हाती घेतलेल्या शेवाळ-इंधनाच्या संशोधनातून इथे हजार चौरस मीटरची उथळ कुंडं उभी राहिली. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरमागे ५० ग्रॅम शेवाळ मिळे. पण रात्री गार पडत, त्यामुळे सरासरी निघाली ती १० ग्रॅमच्या आसपास.

खरी अडचण याहून खोल होती. सूक्ष्म शेवाळ तेल साठवतं ते मुख्यतः अडचणीच्या काळासाठी. पाण्यातलं नत्र तोडलं की प्रथिनं बनणं रोडावतं, पेशींचं विभाजन मंदावतं आणि उन्हाच्या जोरावर बांधलेला कार्बन तेलाच्या थेंबांत जमा होतो. पेशीतलं तेल वाढतं खरं, पण वाढच खुंटल्याने कुंडाचा एकूण हिशेब तोट्यात जातो. भराभर वाढ आणि भरपूर तेल एकाच वेळी मिळेना. खनिज तेल स्वस्त असताना, १९९६मध्ये, हे संशोधन गुंडाळलं गेलं.

एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९मध्ये जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जीनोमिक्स कंपनीबरोबर हाच पेच जनुकांच्या वाटेने सोडवायला घेतला. २०१७मध्ये नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शेवाळाच्या एका जातीतलं तेल २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपुढे गेलं, तेही वाढ फारशी न घटता. शास्त्र म्हणून हे देखणं यश होतं. तरी २०२३पर्यंत एक्सॉनमोबिलने अंग काढून घेतलं.

पेशी कितीही तेलकट झाली तरी ती पाण्यातूनच वेगळी करायची असते. उघड्या कुंडात लिटरमागे शेवाळ जेमतेम ग्रॅमभर. ते गाळण्या-सुकवण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. शिवाय खत. अमेरिकेच्या वाहतूक इंधनाची नुसती ५ टक्के गरज भागवायला वर्षाला ६० लाख ते दीड कोटी टन नत्र लागेल, असं तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२मध्ये मांडलं. एवढं खत अन्नपिकांच्या तोंडचं काढून इंधनाला देणं मला पटत नाही.

म्हणून माझी आशा आहे ती सांडपाण्यावर. शहराच्या मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद आयतं असतं, आणि ते काढायला नाहीतरी पैसे मोजावे लागतातच. शेवाळ ते शोषून घेतं, पाणी निवळतं. मग ओलं शेवाळ पूर्ण न सुकवताच सुमारे ३०० अंश सेल्सिअसला दाबाखाली तापवलं, की प्रथिनं आणि कर्बोदकांचाही काही भाग कच्च्या तेलासारख्या द्रवात उतरतो. मग शेवाळाला उपाशी ठेवण्याची गरजच उरत नाही. अडतं ते पुढे. प्रथिनांतलं नत्र त्या तेलातही येतं आणि ते काढायला महागडा हायड्रोजन लागतो. संशोधनाचा पैसा आता तिथे लागायला हवा.