विश्लेषण : ‘सब’ चांगले की ‘डब’? ॲनिमेच्या वादात मराठी प्रेक्षक कुठे?

जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट म्हणजे ॲनिमे. ते मूळ जपानी आवाजात सबटायटल वाचत पाहायचे, की आपल्याला समजणाऱ्या भाषेत डब केलेले पाहायचे, हा चाहत्यांमधला जुना वाद. भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू डब वाढू लागल्यापासून तो आपल्याकडेही रंगतो. महाराष्ट्रात मात्र या वादाला वेगळीच अडचण आहे. सबटायटल बहुतेक वेळा इंग्रजीत असतात आणि डब हिंदीत. मराठी दोन्ही बाजूंना क्वचितच दिसते. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारख्या गावात तर घरची भाषा मराठीही नाही. तिथून पाहिले की हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

वाद नेमका काय?

‘सब’वाल्यांचे म्हणणे असे, की अभिनय आवाजातही असतो. जपानमध्ये आवाज देणारे कलाकार स्वतः तारे असतात. मासाको नोझावा या १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकूला आवाज देत आहेत, तर ‘वन पीस’मधील लुफीचा आवाज १९९९ पासून मायुमी तानाका यांचा आहे. तो आवाज काढून टाकला तर पात्र अर्धेच उरते, असे हे चाहते मानतात.

‘डब’वाल्यांचा मुद्दाही साधा आहे. डोळे खालच्या ओळींवर खिळले तर चित्र कधी पाहायचे? चित्रकारांनी मेहनतीने रंगवलेली तलवारबाजी वाचण्याच्या नादात निसटते. जेवताना किंवा प्रवासात पाहणाऱ्याला तर डबच सोयीचा.

चर्चेत ‘सब’वाल्यांचा आवाज मोठा असला तरी आकडे उलटे आहेत. नेटफ्लिक्सने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगभरातील त्यांच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी ॲनिमे पाहिले आहे आणि त्यातील ८० ते ९० टक्के प्रेक्षक डब निवडतात.

डब ॲनिमे आपल्याकडे कधीपासून?

अनेकांनी ॲनिमे हा शब्द ऐकण्याआधीच ॲनिमे पाहिले होते. दूरदर्शनवर १९९३ मध्ये लागलेला ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशनची जपानी मालिका होती. हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज नाना पाटेकर यांनी दिला होता. पुढे ‘डोरेमॉन’, ‘शिनचॅन’, ‘निन्जा हातोरी’ या मालिका घराघरांत पोहोचल्या त्या हिंदी डबमुळेच. हिंदीत हातोरीला आवाज देणाऱ्या मेघना एरंडे या मराठी कलाकार. म्हणजे मराठी कलावंतांचा आवाज ॲनिमेत फार पूर्वीपासून आहे, मराठी भाषा मात्र नाही.

आता बाजार मोठा झाला आहे. क्रंचिरोल या ॲनिमेसाठीच्या सेवेवर अनेक मालिका हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आहेत. १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झालेला ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ जपानीसह इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. भारत-जपान सहकार्यातून बनलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ २४ जानेवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला, तोही हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. दोन्ही याद्यांत मराठी नव्हती.

भाषांतरात काय हरवते, काय बदलते?

डबमध्ये वाक्य ओठांच्या हालचालीत बसवावे लागते. पात्राचे तोंड दोन सेकंद हलते, तर वाक्यही दोन सेकंदांचे हवे. म्हणून अर्थ थोडा छाटला जातो किंवा फुगवला जातो. शिवाय ‘आपल्या प्रेक्षकांना कळेल का’ या काळजीपोटी वस्तूही बदलतात. डोरेमॉनचा आवडता ‘दोरायाकी’ हिंदीत ‘डोरा केक’ झाला. ‘पोकेमॉन’च्या इंग्रजी डबमध्ये तर पडद्यावर भाताचे गोळे दिसत असताना पात्राने त्यांना जेली भरलेले डोनट म्हटले होते. चाहते आजही त्या प्रसंगाची थट्टा करतात.

सबटायटलही निर्दोष नसतात. जपानी भाषेत नात्याचे आणि मानाचे अनेक पदर असतात. थोरल्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, शिक्षकांच्या नावापुढे ‘सेन्सेई’ लागते. इंग्रजी सबटायटलमध्ये यातले बरेच पुसले जाते, कारण इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेत, ‘दादा’ आणि ‘ताई’ आहेत, अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे. इंग्रजीत हरवणारे हे पदर मराठीत सहज उतरू शकतात.

मकोतो शिंकाई यांच्या २०१६ च्या ‘युअर नेम’मधला प्रसंग पाहा. मुलाच्या शरीरात अडकलेली मित्सुहा त्याच्या मित्रांशी बोलताना सवयीने स्वतःसाठी मुलींच्या तोंडी शोभणारा ‘मी’ वापरते. मित्र गोंधळतात. ती एकामागून एक वेगवेगळे ‘मी’ म्हणून पाहते आणि शेवटी मुलांचा ‘ओरे’ सापडतो. इंग्रजीत ‘मी’साठी एकच शब्द असल्याने तिथे भाषांतरकाराची दमछाक होते. मराठीत ‘मी वाट चुकले’ आणि ‘मी वाट चुकलो’ एवढ्यात काम होते.

सबटायटल वाचायला वेळ किती मिळतो?

इथे वाद आवडीकडून क्षमतेकडे वळतो. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलच्या नियमांनुसार एका ओळीत कमाल ४२ अक्षरे आणि एका वेळी कमाल दोन ओळी असाव्यात. मोठ्यांच्या कार्यक्रमांसाठी सेकंदाला २० आणि मुलांच्या कार्यक्रमांसाठी १७ अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे दोन सेकंदांच्या संवादात मुलाने सुमारे ३४ अक्षरे, साधारण सहा-सात इंग्रजी शब्द, वाचून समजून घ्यायचे आणि चित्रही पाहायचे.

आता आपल्याकडची स्थिती. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. हे वाचन त्यांच्या शिकण्याच्या भाषेतले आहे, इंग्रजीतले नाही. अशा मुलासाठी ‘सब पाहा, तोच खरा अनुभव’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो.

मणिबेलीतून हा प्रश्न कसा दिसतो?

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे गाव. निवडणूक आली की राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र म्हणून त्याचे नाव बातम्यांत येते. सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका महाराष्ट्रात सर्वांत आधी बसला तो याच गावाला. गुजरात पलीकडेच आहे आणि धरणामुळे काही कुटुंबे तिकडे वसवली गेली. त्यामुळे या पट्ट्यात एकाच मुलाच्या कानावर अनेक भाषा पडतात. घरी भिली कुळातली बोली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती किंवा हिंदी आणि मोबाइलवर हिंदी.

२०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटातील बोली मातृभाषा म्हणून सांगणारे देशात सुमारे १ कोटी ४ लाख लोक होते. तरीही या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही आणि ॲनिमेच्या भाषांच्या यादीत ती असण्याची तर शक्यताच नाही. त्याच जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्के होती, राज्याची ८२.३ टक्के.

या खोऱ्यातला पाचवीतला एखादा मुलगा ‘नारुतो’ पाहायला बसला, असे समजू. इंग्रजी सबटायटल त्याच्या वाचनाच्या वेगापलीकडचे. हिंदी डब कळतो, पण ती त्याची तिसरी किंवा चौथी भाषा. ज्या मराठीत त्याला परीक्षा द्यायची आहे, ती या पडद्यावर कुठेच नाही. मूल आपल्या बोलीतून सुरुवात करून पुढच्या भाषेकडे गेले तर शिकणे सोपे जाते, या विचाराने नर्मदा खोऱ्यातील जीवनशाळांनी १९९० च्या दशकापासून काम केले आहे. मनोरंजनाच्या पडद्यावर मात्र अशी पायरी नाही.

मराठी डब का होत नाही?

यामागचे व्यावसायिक गणित ओळखणे अवघड नाही. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, म्हणून तो हिंदीच्या खात्यात धरला जातो. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकाबाबत तसे धरता येत नाही, म्हणून तिथे वेगळा खर्च केला जातो.

मराठी डबला प्रेक्षकच नाही, असेही म्हणता येत नाही. २०२१ मध्ये ‘बाहुबली’ मराठीत डब होऊन शेमारू मराठीबाणा वाहिनीवर आला. बाहुबलीला गश्मीर महाजनी यांनी आवाज दिला होता.

डबिंगविरोधाची दुसरी बाजूही आहे. बाहेरचे तयार कार्यक्रम स्वस्तात डब होऊन आले तर स्थानिक लेखक, कलाकार आणि तंत्रज्ञांचे काम जाईल, ही भीती खोटी नाही. कर्नाटकात कन्नड चित्रपटसृष्टीने अनेक वर्षे डबिंग रोखून धरले होते आणि २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याविरोधात आदेश दिला. ॲनिमेबाबत मात्र ही भीती कमी लागू पडते. मराठीत तशा मालिका बनतच नाहीत, त्यामुळे डब कोणाचे काम हिरावत नाही, उलट आवाजाच्या कलाकारांना देतो.

सबटायटलमुळे वाचन सुधारते का?

या प्रश्नावर भारतात जुने काम आहे. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली. जी भाषा ऐकू येते, त्याच भाषेत खाली सबटायटल द्यायचे. गाणे गुजराती, तर अक्षरेही गुजराती. १९९९ मध्ये गुजरातमध्ये दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ कार्यक्रमात हा प्रयोग सुरू झाला आणि नंतर हिंदी ‘रंगोली’पर्यंत गेला. त्यांच्या प्लॅनेटरीड संस्थेने २०१० च्या दशकात झी टॉकीजवर मराठी चित्रपट मराठी सबटायटलसह दाखवण्याचा प्रकल्पही राबवला.

यामागचे तत्त्व असे. पडद्यावर अक्षरे आली की डोळे आपोआप तिकडे जातात. बेल्जियममधील ल्युवेन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी डोळ्यांच्या हालचाली नोंदवून हे दाखवले आहे. भाषा समजत असली, सबटायटलची गरज नसली, तरी माणूस वाचतो. कानाने ऐकलेला शब्द त्याच क्षणी अक्षरांत दिसला की अडखळत वाचणाऱ्याला आधार मिळतो. आणि आवडते गाणे किंवा आवडता एपिसोड मूल एकदा पाहून थांबत नाही, पुन्हा पुन्हा पाहते.

म्हणूनच ‘सब की डब’ या प्रश्नाचे मुलांसाठीचे उत्तर ‘दोन्ही, पण एकाच भाषेत’ असे असू शकते. मराठी डब आणि खाली मराठीच सबटायटल.

काही प्रेक्षकांसाठी तर निवडीला जागाच नाही. ऐकू न येणाऱ्याला डबचा उपयोग नाही आणि दृष्टी नसलेल्याला सबटायटलचा. टीव्ही कार्यक्रमांत कर्णबधिरांसाठी टप्प्याटप्प्याने सबटायटल किंवा सांकेतिक भाषा आणण्याचे मानक केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केले, ते याच गरजेतून.

खर्च आणि डेटा किती?

डबिंगला भाषांतर, संवादलेखन, कलाकार, स्टुडिओ, ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग लागते. सबटायटलला भाषांतरकार आणि वेळ जुळवणारा तंत्रज्ञ पुरतो. डेटाचा फरक याहून मोठा आहे. २४ मिनिटांच्या एपिसोडचा आवाज १२८ केबीपीएस दर्जाचा असेल तर तो सुमारे २३ एमबी होतो. त्याच एपिसोडची सबटायटल फाइल काही दहा केबींची असते, व्हॉट्सॲपवरच्या एका साध्या फोटोपेक्षाही लहान. सातपुड्यात जिथे नेटवर्क सलग मिळत नाही आणि एपिसोड आधीच डाउनलोड करून ठेवावा लागतो, तिथे मराठी सबटायटल जोडल्याने डेटावर जवळपास काहीच भार पडत नाही. डबला उशीर होणार असेल, तर निदान सबटायटल मराठीत न देण्यामागे तांत्रिक कारण उरत नाही.

आज फोनवर काय करता येईल?

म्युझ इंडियासारखे अधिकृत यूट्यूब चॅनेल काही ॲनिमे मोफत दाखवतात. व्हिडीओला सबटायटल असतील तर अनेकदा सेटिंगमध्ये ‘ऑटो ट्रान्सलेट’ निवडून मराठी पर्याय मिळतो. पण हे यंत्राने केलेले भाषांतर बहुधा इंग्रजीवरून होते. त्यामुळे शिष्य गुरूला अरे-तुरे करतो आणि मुलगी ‘मी आलो’ म्हणते. गोष्ट समजायला ते पुरते, पण वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर चुकीची मराठी ठेवणे योग्य नाही.

एआय डबचा मार्गही अजून कच्चा आहे. ॲमेझॉन प्राइम व्हिडीओने २०२५ च्या अखेरीस ‘बनाना फिश’सह काही ॲनिमेंना एआयने बनवलेले इंग्रजी डब जोडले आणि चाहत्यांच्या टीकेनंतर ते हटवावे लागले.

लहान मुलांसोबत पाहताना एक सोपा नियम ठेवता येईल. मूल अजून अडखळत वाचत असेल तर समजणाऱ्या भाषेतला डब निवडावा आणि उपलब्ध असल्यास त्याच भाषेचे सबटायटल सुरू ठेवावेत. हिंदी डबसोबत हिंदी सबटायटल मिळाले तरी देवनागरीचा सराव होतो. मूल सहज वाचू लागले की मूळ जपानी आवाज ऐकवावा.

मराठी पर्याय हवा असेल तर तो मागावाही लागेल. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ भारतातील चित्रपटगृहांत आला, तो ५० हजारांहून अधिक चाहत्यांनी सह्या केलेल्या ऑनलाइन मागणीनंतर. सब की डब यावर भांडणाऱ्या मराठी चाहत्यांनी भाषांच्या यादीत मराठी का नाही, हे एकत्र विचारले, तर त्याचा फायदा मणिबेलीतल्या मुलापर्यंतही पोहोचेल.