बोट ठेवलं म्हणजे विटंबना झाली का?

नवसाच्या बोकडावर किंवा अंगात येण्यावर कोणी बोट ठेवलं, की ‘हा देवाधर्माला मानत नाही’ असा शिक्का लगेच बसतो. देव नाकारणं, देवाची विटंबना करणं आणि देवाच्या नावावर चाललेल्या गोष्टींची झडती घेणं, या तिन्हींची आपण सरमिसळ करतो. निदान अमरावती जिल्ह्यात तरी हा गैरसमज टिकायला नको होता. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेत समोर कोणत्याही एका देवाची मूर्ती नसते. असतं ते अधिष्ठान, एक साधी गादी. कोणत्याही पंथाच्या माणसाने तिच्यापुढे बसावं. मूर्ती नाही म्हणून त्या प्रार्थनेला अश्रद्ध म्हणायची कोणाची छाती आहे? महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांतला पहिलाच अध्याय देवदर्शनाचा आहे, आणि पुढे देवळं, मूर्तिपूजा, यात्रा यांचीही त्यात रोखठोक तपासणी आहे. देवाशी ज्याला देणंघेणंच नाही, तो देऊळ कसं असावं याचा इतका विचार कशाला करील?

गाडगेबाबा तर त्याहून परखड. पशुबळी, कर्ज काढून केलेले सण, गंडेदोरे यांवर ते कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. पंढरपूरला जात, पण विठ्ठलाच्या देवळात न जाता हातात खराटा घेऊन वाळवंट झाडत. त्याच पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली तीही त्यांनीच. देवळात न जाणं हा देवाचा अपमान मानला, तर या धर्मशाळेचा अर्थच लागत नाही.

यावर म्हणतात, ‘ते संत होते, त्यांना तो अधिकार होता; तुम्ही-आम्ही कोण?’ पण ग्रामगीता लिहिली गेली ती गावकऱ्यांसाठीच. वाचून विचार करायचा नसता, तर ती लिहायचं कारण काय? शिवाय कायदाही माणसाचा दर्जा पाहत नाही, हेतू पाहतो. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम १९२७ मध्ये आलं. आज ते भारतीय न्याय संहितेत २९९ व्या क्रमांकावर आहे. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान त्यात बसतो. अनवधानाने दुखावलेली भावना बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच स्पष्ट केलं. मूर्ती फोडणारा, प्रार्थनास्थळ मुद्दाम विटाळणारा गुन्हेगारच आहे, त्याची पाठराखण कोणी करू नये. पण बळी का देता, असं विचारणाऱ्याला त्याच्या शेजारी उभं करणं हा अन्याय आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा येऊ घातला, तेव्हा याच सरमिसळीतून वारी आणि पूजाही बंद होणार अशी भीती पसरली होती. प्रत्यक्षात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्याच्या कलमातच लिहिलेलं आहे.