घंटा वाजली, पण ऐकली कुणी?

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूमला आग लागली. अल्हम्दुलिल्लाह, जीवितहानी झाली नाही. दोन कॉम्प्युटर, एक लाकडी कपाट आणि त्यातली मुलांची रजिस्टरे जळाली. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारचे किराणा दुकानदार काका म्हणाले, "सर, तुमची घंटा तर तासभर वाजत होती. आम्हाला वाटलं काहीतरी चाचणी चालू आहे."

हे वाक्य आमच्या डोक्यातून आजही जात नाही. यंत्राने आपले काम चोख केले होते. धूर ओळखला, घंटा वाजवली. पण सुट्टीमुळे वॉचमन गावी, वसतिगृह रिकामे आणि ट्रस्टी आपापल्या घरी. ती घंटा भिंतींनी ऐकली. त्याच दिवशी मुले वसतिगृहात असती तर? हा प्रश्न विचारायलाही आम्हाला भीती वाटते.

त्यानंतर आम्ही जे केले, जे चुकलो आणि जे शिकलो, ते इथे सांगत आहोत. आपल्या मस्जिदी, मदरसे, शाळा, वसतिगृहे आणि शादीखाने यांच्या विश्वस्तांनी हे जरूर वाचावे.

घंटा आणि निरोप यात फरक आहे

फायर अलार्मचे काम साधे असते. छताला लावलेला स्मोक डिटेक्टर धूर ओळखतो किंवा कुणीतरी भिंतीवरची लाल पेटी दाबतो. हा संदेश वायरने पॅनलकडे जातो आणि पॅनल हूटर वाजवते. इमारतीत जागी माणसे असतील तर ती बाहेर पडतात. म्हणजे हूटर हा आत असलेल्यांसाठी आहे. बाहेर असलेल्यांना कळवायची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच.

ती सोय म्हणजे पॅनलला जोडलेले एक छोटे यंत्र. बाजारात त्याला जीएसएम डायलर म्हणतात. त्यात मोबाइलसारखेच सिम असते. पॅनलने आग ओळखली की हे यंत्र ठरवून दिलेल्या नंबरांना एकापाठोपाठ एक फोन करते, रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवते आणि एसएमएस पाठवते. काही हजार रुपयांत हे काम होते.

वेळेची किंमत काय असते ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती, त्यातली १० गेली. रात्रीच्या आगीत एकेक मिनिट मोजावे लागते.

यंत्र घेताना: टूजी की फोरजी?

आमची पहिली चूक इथेच झाली. स्वस्त मिळाले म्हणून टूजीवर चालणारे डायलर आणले आणि त्यात जिओचे सिम टाकले. जिओचे नेटवर्क फोरजीपासूनच सुरू होते, टूजी त्यांच्याकडे नाही. यंत्राचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. दुसऱ्या कंपनीचे सिम टाकल्यावर चालले, पण टूजीचे दिवस किती उरले आहेत हे कुणी सांगावे? थ्रीजी तर आपल्या डोळ्यांसमोर गेले.

अमेरिकेत हा धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. तिथे बहुतेक इमारतींचे फायर अलार्म चोवीस तास चालणाऱ्या निगराणी केंद्राला जोडलेले असतात. पूर्वी हा निरोप टेलिफोनच्या तारेने जायचा, मग मोबाइल नेटवर्कने जाऊ लागला. २०२२ साली तिथल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केले, तेव्हा अलार्मला जोडलेली जुनी यंत्रे बदलावी लागली. बदलली नाहीत ती भिंतीवर पूर्वीसारखीच दिसत राहिली, फक्त बोलेनाशी झाली. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न स्पष्ट विचारा. यंत्र फोरजीवर चालते का? आणि फोरजीवरून नुसता डेटा नाही, तर आवाजी कॉलही करते का?

जोडणी कशी होते?

हे काम पॅनल बसवणाऱ्या लायसन्सधारक एजन्सीकडूनच करून घ्यावे. आपला नेहमीचा इलेक्ट्रिशियन हुशार असला तरी त्याला पॅनल उघडायला लावू नका. पण समोर उभे राहून काय चालले आहे हे समजून घेणे आपले काम आहे.

पॅनलच्या आत रिलेची टर्मिनल्स असतात. त्यावर कॉमन, एनओ आणि एनसी असे लिहिलेले असते. रिले म्हणजे पॅनलने स्वतः दाबलेला स्विच समजा. आग ओळखली की हा स्विच बदलतो आणि डायलरला कळते की आता फोन लावायचा.

बहुतेक पॅनलमध्ये दोन रिले असतात, एक आगीचा आणि एक बिघाडाचा. आमच्या माणसाने फक्त आगीचा जोडला आणि निघाला. आम्ही विचारले, "पॅनलच बंद पडले तर?" तेव्हा त्याने दुसरी वायर जोडली. आता डिटेक्टरची वायर उंदराने कुरतडली किंवा वीज गेली तरी वेगळा एसएमएस येतो. आगीचा फोन आयुष्यात कदाचित एकदाही येणार नाही, बिघाडाचा मात्र वर्षातून चार वेळा येतो. यंत्रणा जिवंत ठेवतो तो हाच एसएमएस.

विजेबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, डायलरचा प्लग साध्या सॉकेटमध्ये लावू नका. कुणीतरी मोबाइल चार्ज करायला तो काढणारच, शाळेत तर नक्कीच. त्याला पॅनलच्या बॅटरीवर चालणाऱ्या पुरवठ्यातून वीज द्यावी, म्हणजे लाइट गेल्यावरही तो जागा राहतो. दुसरी, पॅनल साधारणपणे २४ व्होल्टवर चालते आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. डायलर १२ व्होल्टचा असेल तर काही जण सरळ एका बॅटरीला वायर लावून मोकळे होतात. तसे करू देऊ नका. एक बॅटरी जास्त वापरली जाते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. मध्ये व्होल्टेज उतरवणारा छोटा कन्व्हर्टर लावायला सांगा.

मग अँटेना. जाड दगडी भिंती, तळमजला, त्यात लोखंडी पेटी. आमच्या ऑफिसात मोबाइलला रेंज मिळवायला दारात जाऊन उभे राहावे लागते. डायलरला दारात जाता येत नाही. म्हणून सिम घेण्याआधी त्याच कंपनीचे सिम असलेला फोन पॅनलजवळ धरा, दार बंद करा आणि कॉल लावून पाहा. अँटेना पेटीच्या बाहेर, शक्य तितकी उंच आणि खिडकीजवळ असावी.

सिम कुणाच्या नावाने?

आमची दुसरी चूक. घाईत एका कर्मचाऱ्याच्या नावाने सिम घेतले. काही महिन्यांनी तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला. रिचार्जचे मेसेज डायलरमधल्या सिमवर येत होते, ते वाचणार कोण? रिचार्ज संपला, कॉल बंद झाले आणि आम्हाला पत्ताच नाही. चाचणी घेतली म्हणून कळले. नाहीतर भिंतीवरचे ते यंत्र पाहून आम्ही बिनधास्त झोपत राहिलो असतो.

तेव्हा सिम संस्थेच्या नावाने घ्या. वर्षभराचा, कॉल आणि एसएमएस दोन्ही असलेला रिचार्ज एकदाच मारा आणि त्याची तारीख लाइट बिलाच्या फाइलवर लिहून ठेवा. सिम आधी साध्या फोनमध्ये टाकून पिन लॉक काढून घ्या. बरेच दिवस न वापरलेले सिम कंपनी बंद करू शकते, म्हणून यंत्रात सोय असेल तर रोज किंवा आठवड्यातून एकदा "मी चालू आहे" असा एसएमएस पाठवायला लावा. तो आला नाही की समजायचे, काहीतरी बिघडले.

फोन उचलणार कोण?

सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आमच्या यादीत आधी पाचही ट्रस्टींचे नंबर होते. मग लक्षात आले की रमजानमध्ये तरावीहच्या वेळी हे पाचही जण एकाच सफमध्ये उभे असतात आणि पाचही फोन बंद असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातले तीन गावाला. मोठ्या माणसांच्या मानापेक्षा इथे जवळ कोण राहतो आणि रात्री फोन कोण उचलतो हे महत्त्वाचे आहे. आता पहिला नंबर वसतिगृहाच्या वॉर्डनचा, दुसरा वॉचमनचा, तिसरा मुअज्जिन साहेबांचा आणि चौथा त्याच किराणा दुकानदार काकांचा. ते स्वतः म्हणाले, "माझा टाका, मी दुकानातच झोपतो." चावीचा एक जुडगाही त्यांच्याकडे दिला आहे. ट्रस्टी नंतर.

प्रत्येकाने डायलरचा नंबर "आगीची घंटा" या नावाने सेव्ह करायचा. फोन सायलेंटवर असतानाही या नंबरची रिंग वाजेल अशी सेटिंग करता येते. ती घरातल्या कॉलेजच्या मुलाकडून करून घ्या. अनोळखी नंबर अडवणारे ॲप असेल तर त्यातही हा नंबर मोकळा करा.

"सरळ १०१ लाच फोन जाऊ दे की," असे बरेच जण म्हणतात. अग्निशमन दलाच्या परवानगीशिवाय तसे करू नये. डिटेक्टरला धूर कळतो, धुराचे कारण कळत नाही. लोबानचा धूर, सहरीच्या वेळी करपलेली फोडणी, सफाईची धूळ, कशानेही तो वाजू शकतो. शिवाय दलाला पत्ता, खूण, आत किती माणसे, गाडी कोणत्या गल्लीतून येईल हे सांगायला जिवंत माणूस लागतो. म्हणून नियम असा ठेवा: ज्याने पहिला फोन उचलला त्याने धाव घ्यायची, आणि धूर दिसला किंवा वॉर्डनचा फोन लागला नाही तर क्षणाचाही विचार न करता १०१ किंवा ११२ लावायचा. वसतिगृहात मुले असतील तर खात्री करायला थांबायचे नाही. आधी मुले बाहेर.

चाचणी आणि कायदा

महिन्यातून एकदा चाचणी घ्या. आम्ही पहिल्या शनिवारी घेतो. आधी सर्वांना कळवतो, शेजाऱ्यांनाही, नाहीतर खऱ्या आगीतही लोक "चाचणी आहे" म्हणतील. मग लाल पेटी दाबतो आणि कुणाला किती वेळात फोन आला ते वहीत लिहितो. त्यानंतर पॅनलची वीज बंद करून बिघाडाचा एसएमएस येतो का आणि बॅटरीवर डायलर चालतो का, हे पाहतो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार जिथे अशी यंत्रणा लागते, तिथे ती सुस्थितीत असल्याचे लायसन्सधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. एजन्सीचा माणूस आला की त्याला चहा पाजून कागदावर सही घेऊ नका. त्याच्यासमोर डायलरचा फोन वाजवून दाखवायला सांगा.

एक गोष्ट पुन्हा सांगतो. डायलर आग विझवत नाही. जिन्यात गाद्या रचलेल्या असतील, मागच्या दाराला कुलूप असेल आणि खिडक्यांना न उघडणारे गज असतील तर हजार फोन करूनही उपयोग नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहात २८ मनोरुग्ण जळून गेले, कारण त्यांना साखळदंडाने बांधलेले होते. कुलूप आणि साखळी आधी काढा, यंत्र मग लावा.

अमानत

काही जण म्हणतात, अल्लाह मालिक आहे, एवढे कशाला. अल्लाह मालिक आहेच. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत मदिन्यातल्या एका रात्रीचा उल्लेख आहे, जेव्हा एक घर माणसांसकट जळाले. ते कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आग ही आपली शत्रू असल्याचे सांगून झोपण्यापूर्वी ती विझवत जा, अशी ताकीद दिली. तवक्कुल खबरदारीनंतर येते.

आईबाप दूरच्या खेड्यातून येतात आणि दहा वर्षांचा मुलगा आमच्या हवाली करून जातात. जाताना एवढेच म्हणतात, "सर, लक्ष ठेवा." ही अमानत आहे.

येत्या जुम्याच्या नमाजनंतर विश्वस्तांनी दहा मिनिटे थांबावे. पॅनलसमोर उभे राहून एकमेकांना एकच प्रश्न विचारावा: ही घंटा आज रात्री तीन वाजता वाजली, तर कुणाचा फोन वाजेल? उत्तरात एका माणसाचे नाव आले नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करावी.